बोलिंगचा स्कोर मोजणारा प्रोग्राम: जगभरचे प्रोग्रामर टेस्टिंग शिकायला हाच खेळ का निवडतात?

मॉलमधल्या बोलिंग ॲलीमध्ये पहिल्यांदा गेलेल्या ग्रुपसोबत हा प्रसंग हमखास घडतो. कुणीतरी बॉल सोडतं, दहाच्या दहा पिन आडव्या होतात. आरडाओरडा, टाळ्या, रील शूट. मग सगळे वर स्क्रीनकडे बघतात, तर तिथे १० आकडा नाहीच! नुसती एक फुली आणि तिच्याखाली रिकामा चौकोन. शेजारच्या मित्राने दोन बॉलमध्ये जेमतेम ७ पिन पाडल्या, त्याच्या नावापुढे मात्र ७ लगेच उमटले. "मशीन बिघडलंय वाटतं," असं कुणीतरी म्हणतंच.

मशीन बिघडलेलं नसतं. ते थांबलेलं असतं. तुमचे पुढचे दोन बॉल पडल्याशिवाय या फ्रेमचे गुण किती, हे त्यालाही माहीत नसतं.

या थांबण्यामुळेच बोलिंगचा स्कोर मोजणं वाटतं तितकं सोपं राहत नाही. म्हणूनच गेली वीसपेक्षा जास्त वर्षं प्रोग्रामर मंडळी सराव म्हणून हा प्रोग्राम पुन्हा पुन्हा लिहितात. तोही एका खास पद्धतीने: आधी टेस्ट, मग प्रोग्राम. ही भानगड काय आहे आणि 'टेस्ट पास झाल्या' म्हणजे नेमकं काय सिद्ध होतं, ते समजून घेऊ. कोडिंग येत नसेल तरी चालेल, बेरीज आली की पुरे.

(आणि हो, इथे बोलिंग म्हणजे बुमराहवाली नाही. लाकडी लेनवरून जड बॉल घरंगळत नेऊन पिन पाडायची टेनपिन बोलिंग.)

आधी स्कोर कसा मोजतात ते बघू

या खेळाचे नियम अमेरिकेत पक्के झाले. १८९५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन बोलिंग काँग्रेस ही संघटना स्थापन झाली आणि तिने वेगवेगळ्या क्लबांचे वेगवेगळे नियम एका साच्यात आणले.

एका गेममध्ये १० फ्रेम असतात. प्रत्येक फ्रेमला समोर १० पिन उभ्या असतात आणि त्या पाडायला तुम्हाला जास्तीत जास्त दोन बॉल मिळतात. दोन्ही बॉल टाकूनही काही पिन उभ्या राहिल्या, तर जेवढ्या पडल्या तेवढे गुण. विषय संपला.

दुसऱ्या बॉलवर उरलेल्या सगळ्या पिन पडल्या तर तो स्पेअर. त्याचे १० गुण, शिवाय त्यानंतरच्या एका बॉलवर जेवढ्या पिन पडतील तेवढे बोनस. स्क्रीनवर याची खूण तिरकी रेघ.

पहिल्याच बॉलवर दहाही पडल्या तर स्ट्राइक. १० गुण, शिवाय त्यानंतरच्या दोन बॉलचे गुण बोनस. खूण फुली. या फ्रेममध्ये दुसरा बॉल टाकायचा नसतो, कारण पाडायला काही उरलेलंच नसतं.

उदाहरण घेऊ. पहिल्या फ्रेममध्ये ७ आणि २ पडल्या, म्हणजे ९. दुसऱ्या फ्रेममध्ये ६ आणि ४, म्हणजे स्पेअर. तिसऱ्या फ्रेमच्या पहिल्या बॉलवर ५ पडल्या की दुसऱ्या फ्रेमचे गुण कळतात: १० अधिक ५, म्हणजे १५. एकूण २४. तिसऱ्या फ्रेममध्ये ५ आणि ३, म्हणजे ८, एकूण ३२. चौथ्या फ्रेममध्ये स्ट्राइक बसला आणि पाचवीत ४ आणि ४ आले, तर चौथीचे गुण १८ आणि पाचवीचे ८. एकूण ५८.

इथे एक गोष्ट लक्षात आली का? तिसऱ्या फ्रेममधला तो ५ दोनदा मोजला गेला. एकदा स्पेअरचा बोनस म्हणून आणि एकदा स्वतःच्या फ्रेममध्ये. सलग स्ट्राइक बसत गेले तर एकच बॉल तीन-तीन वेळा मोजला जातो.

दहाव्या फ्रेममध्ये आणखी एक गंमत आहे. तिथे स्ट्राइक किंवा स्पेअर झाला तर बोनस कुठून आणणार? पुढची फ्रेमच नाही. म्हणून जादा बॉल टाकायला मिळतात: स्ट्राइकला दोन, स्पेअरला एक. हे बॉल फक्त बोनसपुरते, त्यांची वेगळी फ्रेम होत नाही. त्यामुळे एका गेममध्ये कमीत कमी ११ आणि जास्तीत जास्त २१ बॉल पडतात. सलग १२ स्ट्राइक मारले तर ३०० गुण. यापेक्षा जास्त गुण या खेळात मिळूच शकत नाहीत.

प्रोग्रामर लोकांना यात काय दिसलं?

'काता' हा शब्द कराटे शिकलेल्यांना माहीत असेल. समोर प्रतिस्पर्धी नसताना ठरावीक हालचाली पुन्हा पुन्हा करायच्या, अंगात मुरेपर्यंत. 'द प्रॅगमॅटिक प्रोग्रामर' या गाजलेल्या पुस्तकाचे सहलेखक डेव्ह थॉमस यांनी ही कल्पना प्रोग्रामिंगमध्ये आणली आणि 'कोड काता' हे नाव रूढ झालं. छोटा प्रश्न घ्या, सोडवा, पुसून टाका, पुन्हा सोडवा.

बोलिंगचा काता प्रसिद्ध केला तो 'अंकल बॉब' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रॉबर्ट मार्टिन यांनी. २००२ मध्ये आलेल्या त्यांच्या पुस्तकात एक अख्खं प्रकरण याच प्रोग्रामवर आहे. त्यात ते आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट कॉस शेजारी-शेजारी बसून हा प्रोग्राम लिहितात आणि त्यांचा संवाद जसाच्या तसा वाचायला मिळतो. वाद, चुका, माघार, सगळं.

पद्धतीचं नाव 'टेस्ट-ड्रिव्हन डेव्हलपमेंट'. ती लोकप्रिय करण्याचं श्रेय केंट बेक यांना जातं. एरिक गामा यांच्यासोबत त्यांनी १९९७ मध्ये जेयुनिट हे जावा भाषेसाठीचं टेस्टिंगचं साधन लिहिलं. त्याची सुरुवात झ्युरिकहून अटलांटाला जाणाऱ्या विमानात झाली, हा किस्सा सॉफ्टवेअरवाल्यांमध्ये प्रसिद्ध आहे. आज पायथॉन भाषेसोबत मिळणारं 'युनिटटेस्ट'सुद्धा जेयुनिटवरूनच प्रेरणा घेऊन बनलंय.

यात टेस्ट म्हणजे काय? एक प्रश्न आणि त्याचं आपल्याला आधीच माहीत असलेलं उत्तर. "वीसही बॉल गटरमध्ये गेले तर स्कोर किती? ०." हे कॉम्प्युटरला लिहून द्यायचं. प्रोग्रामने वेगळं उत्तर दिलं तर स्क्रीनवर लाल, बरोबर दिलं तर हिरवं. आणि खरी अट अशी की प्रोग्रामची एकही ओळ लिहिण्याआधी टेस्ट लिहायची. ती लाल झालेली डोळ्यांनी बघायची. मग ती हिरवी होण्यापुरताच प्रोग्राम लिहायचा. मग घर आवरतो तसं लिहिलेलं आवरायचं आणि पुढची टेस्ट घ्यायची.

उत्तर आधी माहीत असायला हवं, ही अट कागदावर किरकोळ दिसते. प्रत्यक्षात सगळ्यात जास्त वेळ तिथेच जातो, कारण उत्तर लिहायचं तर आधी नियम स्वतःला समजलेले असावे लागतात.

चला, लिहून बघू

पहिली टेस्ट: २० बॉल, प्रत्येकावर ०. अपेक्षित उत्तर ०.

प्रोग्रामच नाही, त्यामुळे लाल. ती हिरवी करायला कमीत कमी काय लागेल? "काहीही विचारलं तरी ० सांग." बस, एवढाच प्रोग्राम. हसू येतं ना? नवीन शिकणाऱ्या प्रत्येकाला हा टप्पा वेळेचा अपव्यय वाटतो. पण यातून एवढं कळलं की टेस्टचं यंत्र चालू आहे, लाल-हिरवं नीट दाखवतंय. गाडी काढण्याआधी ब्रेक दाबून बघतो तसं.

दुसरी टेस्ट: २० बॉल, प्रत्येकावर १. अपेक्षित उत्तर २०.

आता "० सांग" चालणार नाही. मग प्रत्येक बॉल पडला की त्याच्या पिन एकूण गुणांत मिळवत जायचं. दोन्ही टेस्ट हिरव्या.

तिसरी टेस्ट: ६, ४, ३ आणि मग १७ वेळा ०. अपेक्षित उत्तर १६. पहिल्या फ्रेमचा स्पेअर, म्हणून १० अधिक ३, आणि दुसऱ्या फ्रेमचे ३.

आपला प्रोग्राम सांगतो १३. लाल.

इथेच हा सराव रंगतो. पहिला मोह असा होतो की एक खूणगाठ ठेवू: "आत्ताच स्पेअर झालाय, पुढचा बॉल दुप्पट मोज." स्पेअरपुरतं हे चालूनही जाईल. मग स्ट्राइकसाठी दुसरी खूणगाठ, सलग दोन स्ट्राइकसाठी तिसरी, दहाव्या फ्रेमसाठी चौथी. हळूहळू प्रोग्राम खूणगाठींचा गुंता होतो आणि तुम्हालाच वाचता येत नाही.

चूक वेगळ्याच ठिकाणी आहे. बॉल पडतो त्याच क्षणी आपण गुण मोजायला बसलोय, आणि या खेळात तर त्या क्षणी गुण माहीतच नसतात. स्क्रीनवरचा तो रिकामा चौकोन आठवा! म्हणजे बॉल पडताना फक्त नोंद करायची, पिन किती पडल्या त्याची एक यादी ठेवायची, आणि गुण विचारल्यावर ती यादी सुरुवातीपासून वाचत हिशोब करायचा. किराणा दुकानदार आधी सगळ्या वस्तू वहीत लिहितो आणि बेरीज शेवटी करतो, तसं.

पण पद्धत इथे जरा शिस्त मागते. टेस्ट लाल असताना प्रोग्रामची मोडतोड करायची नाही. तिसरी टेस्ट क्षणभर बाजूला ठेवायची. पहिल्या दोन हिरव्या असताना प्रोग्राम 'यादी' पद्धतीवर आणायचा. त्या दोन अजूनही हिरव्या आहेत, म्हणजे बदल करताना काही तुटलं नाही. मग तिसरी परत आणायची. मघाशी बिनकामाच्या वाटलेल्या टेस्ट इथे सुरक्षा जाळी बनतात.

चौथी टेस्ट स्ट्राइकची: १०, ५, २ आणि १६ वेळा ०. अपेक्षित उत्तर २४. पाचवी टेस्ट १२ स्ट्राइकची, उत्तर ३००.

सगळं करून शेवटी जो प्रोग्राम उरतो तो मराठीत असा:

एकूण = ०, जागा = यादीतला पहिला बॉल
पुढचं १० वेळा करा:
— जागेवरचा बॉल १० असेल: एकूणमध्ये १० आणि पुढचे दोन बॉल मिळवा, जागा १ ने पुढे सरकवा
— नाहीतर, जागेवरचा आणि त्यापुढचा मिळून १० होत असतील: एकूणमध्ये १० आणि त्यानंतरचा एक बॉल मिळवा, जागा २ ने पुढे सरकवा
— नाहीतर: दोन्ही बॉलची बेरीज एकूणमध्ये मिळवा, जागा २ ने पुढे सरकवा
एकूण सांगा

झालं. दहाव्या फ्रेमसाठी एकही खास ओळ नाही! हिशोब दहाच वेळा होतो, त्यामुळे जादा बॉल बोनस म्हणून आपोआप वाचले जातात आणि त्यांची वेगळी फ्रेम होत नाही. सुरुवातीला कागदावर आराखडा काढायला बसलेला कुणीही 'गेम', 'फ्रेम', 'शेवटची फ्रेम', 'बॉल' असे चार चौकोन काढतो. मार्टिन आणि कॉस यांनीही तशीच सुरुवात केली होती. त्यांच्या शेवटच्या प्रोग्राममध्ये फ्रेम आणि बॉल हे वेगळे घटक उरलेच नाहीत. विचार न करता आधी मोठा आराखडा बांधला असता, तर गरज नसलेलं बरंच काही लिहून झालं असतं.

(जाता जाता: पायथॉनमध्ये 'एकूण', 'जागा' अशी नावं खरंच देवनागरीत देता येतात. आज्ञा मात्र इंग्रजीतच द्याव्या लागतात.)

पाचही टेस्ट हिरव्या, तरी प्रोग्राम चुकीचा. कसा?

या काताबद्दलचे बहुतेक व्हिडिओ पाचवी टेस्ट हिरवी झाली की संपतात. मला मात्र खरी मजा त्यानंतर वाटते.

समजा एखाद्याने प्रोग्राम असा लिहिला. फ्रेमचा विचारच नाही. यादीतला प्रत्येक बॉल बघायचा. तो १० असेल तर पुढचे दोन बॉल बोनस. लागोपाठच्या कुठल्याही दोन बॉलची बेरीज १० आली तर त्यापुढचा एक बॉल बोनस. यादीत पुढे बॉलच नसेल तर तिथे ० धरायचा.

आपल्या टेस्ट लावून बघू. सगळे ०, उत्तर ०. सगळे १, उत्तर २०. स्पेअरची टेस्ट, १६. स्ट्राइकची, २४. चार हिरव्या! १२ स्ट्राइकला मात्र उत्तर येतं ३३०, कारण शेवटच्या दोन जादा बॉलचेही वेगळे गुण मोजले गेले. लाल.

आता रात्रीचे अकरा वाजलेत, काम सकाळी द्यायचंय. मग तो शेवटी एक ओळ घालतो: "उत्तर ३०० पेक्षा जास्त आलं तर ३०० सांग." पाचही टेस्ट हिरव्या. लॅपटॉप बंद.

हा प्रोग्राम बरोबर आहे का? २, ६, ४, ३ आणि मग १६ वेळा ० देऊन बघा. पहिली फ्रेम ८, दुसरी ७, स्पेअर कुठेच नाही, एकूण १५. पण हा प्रोग्राम पहिल्या फ्रेमचे ६ आणि दुसऱ्या फ्रेमचे ४ एकत्र करून त्याला स्पेअर समजतो आणि सांगतो १८.

किंवा ०, १०, ३, ४ आणि पुढे सगळे ०. पहिला बॉल गटरमध्ये गेला, दुसऱ्यावर दहाही पडल्या. हा स्पेअर आहे, स्ट्राइक नाही, कारण दहा पिन पाडायला दोन बॉल लागले. बरोबर उत्तर २०. चुकीचा प्रोग्राम त्याला स्ट्राइकचाही बोनस देतो, स्पेअरचाही देतो आणि सांगतो २७.

२१ बॉल, प्रत्येकावर ५: प्रत्येक फ्रेम १५ ची, म्हणून बरोबर उत्तर १५०. चुकीचा प्रोग्राम २०० सांगतो. पहिल्या नऊ फ्रेम शून्याच्या आणि दहावीत तीन स्ट्राइक: बरोबर उत्तर ३०, चुकीचं ७०.

या टेस्ट डोक्यात कुठून येतात? नियम वाचताना "इथे माझीच गल्लत होऊ शकते" असं जिथे वाटतं, तिथून. फ्रेमच्या सीमेवर. ० आणि १० या टोकांवर. शेवटच्या फ्रेममध्ये. मध्यभागी, जिथे सगळं सुरळीत असतं, तिथे शंभर टेस्ट लिहून फार काही हाती लागत नाही. सगळे १ च्या जागी सगळे २ अशी टेस्ट लिहिली तर नवीन काय कळलं? जवळपास काहीच नाही.

मघाचा पाच टेस्टचा संच वाईट आहे असं नाही. तो प्रोग्राम घडवायला पुरेसा आहे. पण तयार प्रोग्राम तपासायला तो अपुरा आहे, आणि या दोन गोष्टींत आपण फरक करत नाही.

मग सगळेच गेम तपासून टाकू?

कॉम्प्युटर वेगवान आहे, मग शक्य असलेला प्रत्येक गेम त्याच्याकडून तपासून घेता येईल का? मोजून बघू.

पहिल्या नऊ फ्रेमपैकी प्रत्येक फ्रेम ६६ वेगवेगळ्या प्रकारे खेळली जाऊ शकते. एक स्ट्राइक, आणि दोन बॉलच्या ६५ जोड्या. जादा बॉल धरून दहावी फ्रेम २४१ प्रकारे. ६६ ला स्वतःने गुणत नऊ वेळा घ्या आणि २४१ ने गुणा. उत्तर येतं साधारण ५७ वर १७ शून्यं.

सेकंदाला एक कोटी गेम तपासले तरी १८ हजारांपेक्षा जास्त वर्षं लागतील. एवढ्याशा खेळासाठी, ज्याचे नियम एका कागदावर मावतात! शिवाय प्रत्येक गेमचं बरोबर उत्तर आधी कुणीतरी सांगायला हवंच. तुमच्या बँकेच्या ॲपमध्ये किंवा रेल्वे बुकिंगमध्ये किती शक्यता असतील याचा अंदाज यावरून करा.

डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९६९ मध्येच हे बजावलं होतं. टेस्टमुळे चूक आहे हे दाखवता येतं, चूक नाही हे दाखवता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. टेस्ट-ड्रिव्हन पद्धतीचे समर्थक आणि विरोधक आजही यावरून ऑनलाइन भांडतात. मला वाटतं दोघांचं थोडंथोडं बरोबर आहे. टेस्ट काही सिद्ध करत नाहीत हे खरं, पण सगळं तपासता येत नाही म्हणूनच तर नेमकं काय तपासायचं ते नीट निवडावं लागतं.

नियमच बदलले तर?

ही कल्पना नाही, खरंच घडलंय. प्रेक्षकांना स्कोर चटकन कळावा म्हणून आंतरराष्ट्रीय बोलिंगमध्ये 'करंट फ्रेम स्कोरिंग' नावाची सोपी पद्धत आणली गेली. यात स्ट्राइकला थेट ३० गुण, पुढचे बॉल काहीही पडोत. स्पेअरला १० अधिक त्याच फ्रेमच्या पहिल्या बॉलचे गुण. दहाव्या फ्रेमला जादा बॉल नाहीत. वाट बघणं संपलं, रिकामा चौकोनही गेला.

समजा तुमच्या प्रोग्रामला उद्यापासून हे नियम लावायचेत. आधी टेस्ट बदलायच्या. स्पेअरची टेस्ट (६, ४, ३) आता १६ ऐवजी १९ सांगायला हवी: १० अधिक पहिल्या बॉलचे ६, आणि पुढचे ३. स्ट्राइकची टेस्ट (१०, ५, २) २४ ऐवजी ३७ झाली. सगळे ० आणि सगळे १ तसेच राहिले.

आता प्रत्येक फ्रेममध्ये ५ आणि ५ पडल्या तर? जुन्या नियमाने १५०. नव्या नियमानेही १५०! सगळे स्ट्राइक? जुन्यात १२ स्ट्राइकला ३००, नव्यात १० स्ट्राइकला ३००. म्हणजे मघाशी चुकीच्या प्रोग्रामला पकडणारी ५-५ ची टेस्ट इथे आंधळी आहे. प्रोग्राम कुठल्या नियमाने चालतोय हे ती सांगूच शकत नाही. एका चुकीसाठी उत्तम असलेली टेस्ट दुसऱ्या चुकीसाठी निकामी असू शकते.

पण आता एआय दोन सेकंदांत लिहून देतं ना?

देतं. बोलिंगचा प्रोग्राम इंटरनेटवर इतक्या ठिकाणी सोडवलेला आहे की चॅटजीपीटी किंवा त्यासारखं कुठलंही साधन तो बहुतेक वेळा पटकन बरोबर लिहून देईल. टेस्टही लिहून देईल. मुलाखतीत हा प्रश्न विचारला तर पाठ करून आलेले उमेदवारही तो खटाखट लिहितात.

अडचण त्यानंतर सुरू होते. आलेला प्रोग्राम बरोबर आहे हे कशावरून ठरवणार? वाचून पटला म्हणून? मघाचा चुकीचा प्रोग्रामही वाचायला सोपा आणि पटण्यासारखाच होता. आणि प्रोग्राम ज्याने लिहिला त्यानेच टेस्टही लिहिल्या, तर नियम समजण्यातली गल्लत दोन्हीकडे सारखीच उतरू शकते. ०, १० ला स्ट्राइक समजणारा टेस्टमध्येही त्याला स्ट्राइकच समजेल, आणि सगळं हिरवंगार दिसेल.

म्हणून पेन-कागद घेऊन, हाताने हिशोब करून काढलेली चार-पाच उत्तरं हाताशी असणं आता उलट जास्त कामाचं आहे. प्रोग्राम कुणीही लिहो, माणूस किंवा मशीन, उत्तरं तुमची. सुरुवातीला प्रोग्राम ज्या गोष्टी करत नाही त्याही विचारून बघा. एका फ्रेममध्ये ६ आणि ७ पडल्या असं सांगितलं तर? १३ पिन असूच शकत नाहीत, पण आपला वरचा प्रोग्राम निमूटपणे १३ मोजतो. गेम अर्धवट असताना गुण विचारले तर? स्ट्राइकनंतर एकच बॉल पडलाय आणि प्रोग्राम यादीत नसलेला बॉल शोधायला गेला, तर तो बंद पडेल. मॉलमधल्या स्क्रीनला हे दोन्ही प्रश्न रोज सोडवावे लागतात. काताच्या मूळ रूपात ते मुद्दाम वगळलेले आहेत.

सुरुवात करायची असेल तर ही एक टेस्ट घ्या. पहिल्या नऊ फ्रेममध्ये स्ट्राइक, दहावीत ९ आणि ०. कमीत कमी बॉलमध्ये संपणारा म्हणजे ११ बॉलचाच हा गेम आहे, त्यामुळे यादीच्या शेवटाकडे गोंधळणारे प्रोग्राम इथे सापडतात. पहिल्या सात फ्रेमचे प्रत्येकी ३० म्हणजे २१०, आठवीचे २९, नववीचे १९, दहावीचे ९. उत्तर २६७ यायला हवं.